चेतकची रांग: चांगले चाललेल्या उद्योगाला बदलाची चाहूल उशिरा का लागते?

ज्यांच्या घरी बजाजची चेतक होती, त्यांना सकाळचा एक प्रसंग हमखास आठवत असेल. दोन-चार किका मारूनही स्कूटर सुरू झाली नाही, की बाबा किंवा काका तिला एका अंगाला जमिनीकडे झुकवत, पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उतरले असावे असा अंदाज येईपर्यंत तशीच धरून ठेवत, मग सरळ करत आणि पुन्हा किक मारत. बहुतेक वेळा ती सुरू होई. शेजारीपाजारी याला हसत नसत, कारण त्यांच्याही अंगणात तेच चाललेले असे. स्कूटर चालवायला शिकायचे तर तिला झुकवायलाही शिकायचे, हे सर्वांनी मनोमन मान्य केलेले होते.

एखाद्या वस्तूची खोड लाखो लोक रोज सकाळी सांभाळून घेतात आणि तरीही तिच्यासाठी वर्षानुवर्षे रांग लावतात, ही गोष्ट उत्पादकाने अभिमानाची मानावी की धोक्याची? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या विषयाला आत्मसंतुष्टता असे भारदस्त नाव असते. मला त्यापेक्षा गाफीलपणा हा आपला जुना शब्द अधिक नेमका वाटतो, कारण त्यात समाधानापेक्षा बेसावधपणावर भर आहे. गाफील माणूस आळशी असतो असा आपला समज असतो, पण उद्योगांच्या बाबतीत तो बहुधा चुकीचा ठरतो. तीन पाळ्यांत कारखाना चालवणारी, खर्चाचा पैसा न् पैसा तपासणारी, सुट्टी न घेणारी माणसेही गाफील असू शकतात. कामात पुरत्या बुडालेल्या माणसालाच मान वर करून पाहायला सवड नसते. हे नेमके कसे घडते, ते समजून घेण्यासाठी पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या बजाजच्या कारखान्याइतके चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

बजाज ऑटोला दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि त्यानंतर इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या सहकार्याने आकुर्डीत व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागल्या. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच घडणीची स्कूटर महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन, चेतक म्हणून, बाजारात आली. तो परवाना राजवटीचा काळ होता. कोणत्या कारखान्याने वर्षाला किती नग बनवायचे, हे सरकार ठरवत असे आणि मक्तेदारीला आळा घालणाऱ्या १९६९ च्या एमआरटीपी कायद्यामुळे मोठ्या उद्योगसमूहांना उत्पादनक्षमता वाढवण्यासाठी आणखी एक दार ठोठवावे लागे. स्कूटर हव्या होत्या लाखोंना आणि बनवायला परवानगी होती मोजक्याच. त्यामुळे चेतकसाठी नाव नोंदवून थांबण्याचा काळ काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंत गेला. जुनी चेतक नव्या चेतकपेक्षा जास्त किमतीला विकली जाण्याचा चमत्कारही त्याच काळातला. एरवी वाहन शोरूमच्या बाहेर पडले की त्याची किंमत उतरते. इथे ते बाहेर पडताच चढत असे.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ही रांग कंपनीने लावलेली नव्हती. राहुल बजाज यांनी १९६८ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतल्यापासून उत्पादन वाढवू द्यावे म्हणून सरकारशी सतत वाद घातला आणि परवाना राजवटीचे कडवे टीकाकार म्हणूनच ते ओळखले जात. शिवाय चेतक ही काही टाकाऊ वस्तू नव्हती. पत्र्याचे दणकट अंग, कोणत्याही गावात दुरुस्त होईल अशी साधी रचना, पुढे मूल उभे राहील, मागे पत्नी बसेल आणि पायाशी गॅसचा सिलिंडरही राहील एवढी जागा, यांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबाचे ते पहिले खरे वाहन ठरले. १९८९ मधील 'हमारा बजाज' ही जाहिरात लोकांना भावली, ती तिच्यात लोकांना आपलेच घर दिसले म्हणून.

तरीही रांगेचा एक दुष्परिणाम होतो आणि तो रांग कोणी लावली यावर अवलंबून नसतो. रांग माहितीचा रस्ता बंद करते. साध्या बाजारात वस्तू आवडली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते आणि त्याचे जाणे हाच दुकानदाराला मिळालेला संदेश असतो. ज्याला दुसरीकडे जायला जागाच नाही, तो स्कूटर झुकवतो आणि गप्प बसतो. विक्रेत्यालाही कंपनीकडे काही कळवावेसे वाटत नाही, कारण त्याचे काम विकण्याचे राहिलेले नसून वाटण्याचे झालेले असते. कंपनीच्या कागदावर मात्र दर महिन्याला नोंदणीचा मोठा आकडा येत राहतो. या आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात: ज्यांना हीच स्कूटर हवी आहे असे लोक, ज्यांना कोणतीही दुचाकी चालेल असे लोक आणि नंबर लागला की ती चढ्या भावाने विकू असा हिशेब केलेले लोक. हे तीन गट वेगळे करून पाहायची गरज १९८० पर्यंत कुणालाच नव्हती. पुढच्या पंधरा वर्षांत सगळा खेळ त्यांच्यातल्या फरकावर होणार होता.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने दुचाकी उद्योगात परदेशी तंत्रज्ञानाच्या सहकार्याला वाट करून दिली आणि एकामागून एक जपानी नावे भारतात आली. १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचे वैशिष्ट्य इंजिनात होते. चेतकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात नवे इंधन आत येणे आणि जळालेला धूर बाहेर जाणे या दोन क्रिया काही क्षण एकत्रच चालतात, त्यामुळे थोडे न जळलेले पेट्रोल धुराबरोबर निघून जाते. शिवाय वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइलचे माप मागणे ही त्या काळची सवयच होती. फोर-स्ट्रोक इंजिनात या क्रिया वेगवेगळ्या होतात, ऑइल वेगळे राहते आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी बरीच पुढे जाते. 'पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा' अशा अर्थाची हिरो होंडाची जाहिरात होती. चेतकच्या मालकाला दर सकाळी जे लक्षात ठेवावे लागे, तेच ही मोटारसायकल विसरायला सांगत होती. त्यात मोटारसायकलची चाके मोठी. खेड्यातल्या खड्ड्यांत स्कूटरची दहा इंची चाके कशी आपटतात, हे त्या रस्त्यावरून दूध घेऊन जाणाऱ्याला सांगावे लागत नव्हते.

इथे एक सोपा गैरसमज होऊ शकतो, तो असा की बजाजला हे दिसलेच नाही. तसे नव्हते. बजाजने जपानच्या कावासाकीशी सहकार्य केले होते आणि १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १०० बाजारात आणली होती. १९९१ मध्ये फोर-स्ट्रोक मोटारसायकलही आली. म्हणजे नवे तंत्र घरात होते, पण ते घराच्या ओसरीवर होते. माजघरात स्कूटरच होती. गाफीलपणाचे हे रूप जास्त फसवे असते. नेतृत्वाला विचारले तर ते प्रामाणिकपणे म्हणू शकते की आम्ही नव्या क्षेत्रात उतरलो आहोत. कंपनीचे उत्तम अभियंते, विक्रेत्याच्या दुकानातली दर्शनी जागा आणि संचालक मंडळाच्या बैठकीतला पहिला तास कशाला मिळतो, हे पाहिले तर खरे उत्तर कळते.

या मागचा हिशेब थोडा बारकाईने पाहू, कारण सगळ्या विषयाची मेख त्यातच आहे. वीस वर्षे तीच स्कूटर बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा दाबण्याच्या डाय, यंत्रे, जुळणीची लाइन या सगळ्यांचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो. कामगारांचा हात बसलेला असतो, सुटे भाग पुरवणाऱ्यांचे दर ठरलेले असतात. त्यामुळे जास्तीची एक स्कूटर बनवली तर तिच्यावरचा नफा भरघोस दिसतो. नव्या मोटारसायकलसाठी मात्र नव्या डाय, नवे पुरवठादार, तंत्रज्ञानाचे मानधन आणि सुरुवातीच्या चुकांची भरपाई, असे सगळेच नव्याने मोजावे लागते. दोन्ही प्रस्ताव एकाच टेबलावर ठेवले, तर जमाखर्च सांभाळणारा माणूस जुन्याच्या बाजूनेच कौल देईल आणि त्याचे गणित चुकलेले नसेल. चूक प्रश्नातच असते. आणखी एक रुपया कुठे गुंतवला तर यंदा जास्त मिळेल, हे तो कागद सांगतो. पाच वर्षांनी स्कूटर घेणारा माणूस उरेल का, हा प्रश्न त्या कागदावर विचारलेलाच नसतो. दरवर्षी बरोबर निर्णय घेत घेत उद्योग चुकीच्या जागी कसा पोहोचतो, त्याचे उत्तर एवढेच आहे. म्हणूनच मला गाफीलपणा हा स्वभावदोष वाटत नाही. तो बहुतेकदा हिशेब मांडण्याच्या पद्धतीत लपलेला असतो.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनी परवान्यांची भिंत पडली आणि रांगही विरली. त्यानंतरच्या काळात मोठ्या भारतीय उद्योजकांनी परदेशी कंपन्यांशी बरोबरीच्या अटींवर स्पर्धा करू द्यावी अशी मागणी लावून धरली. 'बॉम्बे क्लब' या नावाने ओळखल्या गेलेल्या या गटात राहुल बजाज यांचा आवाज ठळक होता. मागणीत तथ्य होते. भांडवल महाग, पायाभूत सोयी अपुऱ्या आणि दशकानुदशके हातपाय बांधलेले, अशा अवस्थेत एकदम शर्यतीत उतरवणे अन्यायाचेच होते. पण नेतृत्वाच्या दृष्टीने अशा न्याय्य तक्रारीतही एक धोका असतो. सरकारकडे बोट दाखवण्यात जो वेळ जातो, त्या वेळात समोरचे गिऱ्हाईक वाट पाहत थांबत नाही. त्याच दशकात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोक इंजिनांची अडचण वाढली आणि दशकाच्या अखेरीस देशात मोटारसायकलींच्या विक्रीने स्कूटरना मागे टाकले. बजाजने १९९८ मध्ये लिजेंड ही फोर-स्ट्रोक स्कूटर आणली, म्हणजे इंजिन बदलले. पण लोक तोवर वाहनाचा प्रकारच बदलून बसले होते. २००१ मध्ये हिरो होंडा ही दुचाकी बनवणारी सर्वांत मोठी कंपनी ठरली. एकेकाळी ज्या कंपनीच्या वस्तूसाठी दहा वर्षे थांबावे लागे, तिची विक्रेत्याकडे उभी असलेली स्कूटर आता गिऱ्हाईकाची वाट पाहत होती.

बदल स्वीकारणे या शब्दप्रयोगाने थोडी दिशाभूल होते, कारण त्यातून बदल बाहेरून आला आणि आपण त्याला दार उघडले असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात नेत्याला काही ठोस, महागडी आणि परत न फिरवता येणारी कामे करावी लागतात. १९९० मध्ये कंपनीत आलेले, पुण्यात आणि नंतर इंग्लंडमध्ये अभियांत्रिकी शिकलेले राहुल बजाज यांचे पुत्र राजीव बजाज यांच्या काळात अशी काही कामे झाली. पहिले म्हणजे चाकणचा नवा कारखाना. त्याची गरज उत्पादनासाठी होतीच, पण नव्या जागेचा एक फायदा आकड्यांत दिसत नाही. आकुर्डीच्या जुन्या लाइनवर नवी पद्धत रुजवायची, तर आधी जुनी पद्धत सोडवावी लागते. आणि इथे हे असेच करतात, या वाक्याला उत्तर नसते. मोकळ्या माळरानावर उभ्या केलेल्या शेडमध्ये ते वाक्य म्हणायला कुणी नसते.

दुसरे काम अधिक अवघड होते. हिरो होंडाच्या मोटारसायकली मायलेजवर विकल्या जात होत्या आणि त्यांच्याहून एक-दोन किलोमीटर जास्त देणारी गाडी काढणे हा सगळ्यांना सुचणारा मार्ग होता. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली, ती १५० आणि १८० सीसीची. शंभर सीसीच्या बाजारात ही गाडी महाग होती, पेट्रोलही जास्त पिणार होती. पण ज्याला मोटारसायकल चालवण्याची हौस आहे आणि ज्याचा विचार कुणीच करत नाही, अशा तरुणासाठी ती होती. शिवाय ती कंपनीच्या स्वतःच्या नावाने होती, कावासाकीच्या आधाराने नव्हती. गिऱ्हाईकांच्या घरात वडिलांना स्कूटर हवी होती, मुलाला ती नको होती. बजाजने वडिलांना पटवण्याचा नाद सोडून मुलाला विचारले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. २००३ मध्ये दोन स्पार्क प्लगचे डीटीएस-आय इंजिन आले आणि पल्सर हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोहोचले.

या भागाबद्दल लिहिताना उद्योगविषयक लेखन अनेकदा इथेच थांबते, पण बदलाची किंमत कुणी मोजली हेही सांगितले पाहिजे. नवी यंत्रे, कमी माणसे आणि कमी पुरवठादार या वाटेने कंपनी सावरली. ज्या माणसांच्या हातांनी चेतक घडवली, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला स्वेच्छानिवृत्ती आली आणि २००७ मध्ये आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन थांबले, तेव्हा कामगार संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. पिंपरी-चिंचवडमध्ये कंपनीच्या पाळीच्या वेळेवर ज्यांचे चहाचे गाडे चालत, त्यांनाही हा बदल स्वीकारावाच लागला. त्यांना कुणी विचारले नव्हते. गाफील राहिल्याचा काळ नेतृत्वाचा असतो आणि जागे झाल्याचे बिल बहुधा खालच्या पायरीवर फाटते. म्हणून बदल लवकर सुरू करण्याच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद नफ्याचा नसून वेळेचा आहे. दहा वर्षांत थोडेथोडे करता आले असते ते दोन वर्षांत उरकावे लागले, की माणसांना दुसरे कौशल्य शिकवायला अवधी उरत नाही.

आता गोष्टीला एक वळण आहे आणि ते मला सर्वांत उद्बोधक वाटते. चेतकचे उत्पादन आधीच थांबले होते. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा व्यवसायच सोडून पूर्णपणे मोटारसायकलींवर लक्ष द्यायचे जाहीर केले. एकाच गोष्टीत जगात नाव कमवायचे तर बाकीच्या सोडाव्या लागतात, असा विचार त्यामागे होता. आपल्याला या निर्णयाचे वाईट वाटते, हे राहुल बजाज यांनी उघडपणे बोलून दाखवले. वडील भावनेच्या बाजूने आणि मुलगा तर्काच्या बाजूने, असे त्याचे वर्णन तेव्हा झाले. प्रत्यक्षात पुढे काय झाले? गिअर नसलेल्या स्कूटरची मागणी वाढतच गेली. २००१ मध्ये आलेली होंडाची ॲक्टिव्हा घरातला कुणीही चालवू शकेल अशी होती; सकाळी आई ती बाजारात नेई, दुपारी मुलगी क्लासला आणि संध्याकाळी वडील भाजी आणायला. काही वर्षांतच ती देशातल्या सर्वाधिक खपाच्या दुचाकींमध्ये जाऊन बसली. स्कूटर संपली नव्हती. गिअरची, टू-स्ट्रोक आणि झुकवावी लागणारी स्कूटर संपली होती.

मग २००९ चा निर्णय चुकीचा होता का? एवढे सरळ उत्तर देता येत नाही. मोटारसायकलींवर लक्ष दिल्यामुळेच बजाज आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या बाजारांत खोलवर पोहोचली, निर्यातीत देशातली आघाडीची कंपनी झाली आणि चांगला नफा कमावत राहिली. पण त्या निर्णयातून एक गोष्ट शिकता येते, ती अशी की धाडसी बदल यशस्वी झाला की तो बदलच नवी खात्री बनतो. पल्सरने शिकवले की स्कूटर हा भूतकाळ आहे. हा धडा इतका नीट पाठ झाला की त्याची पुन्हा परीक्षा घेण्याची गरज वाटली नाही. गाफीलपणा एकदा घालवला की गेला, असे नसते. तो नव्या यशाच्या खोलीत राहायला येतो आणि या वेळी त्याच्या अंगावर बदलाचेच कपडे असतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाजने स्कूटरमध्ये परतण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक पुणे आणि बंगळुरूत विक्रीला आली. जून २०२२ मध्ये तिच्यासाठी आकुर्डीतच नवा कारखाना सुरू झाला, जिथे पहिल्या चेतक घडल्या होत्या. ही चेतक सकाळी झुकवावी लागत नाही, कारण तिच्यात कार्ब्युरेटरच नाही. पिस्टन, स्पार्क प्लग आणि सायलेन्सरही नाही. हे वाक्य गिऱ्हाईकासाठी आनंदाचे आहे. भोसरी, चाकण, वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत हेच भाग बनवणाऱ्या शेकडो लहान कारखानदारांसाठी ते वेगळ्या अर्थाचे आहे. हा विषय बड्या कंपन्यांचा आहे असे वाटत असेल, तर तिकडेच वळू.

समजा, भोसरीत एक वर्कशॉप आहे. सहा सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे, चौदा माणसे, महिन्याची उलाढाल वीस लाख रुपये. त्यांतले सतरा लाख एकाच मोठ्या कंपनीच्या इंजिनच्या एका भागातून येतात. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याचे शेड्यूल येते आणि ते भरलेले असते. यंत्रांचे कर्ज फिटले आहे, रिजेक्शन, म्हणजे नापास होऊन परत येणारे नग, नगण्य आहे. एक दिवस विजेच्या मोटारीचा शाफ्ट बनवणारी एक छोटी कंपनी दोनशे नगांची चौकशी घेऊन येते. ड्रॉइंग नवे, माप कडक, सुरुवातीचे दहा नग नमुना म्हणून फुकट द्यायचे. फोरमन म्हणतो, "शेठ, नुसत्या सेटिंगलाच अर्धी शिफ्ट जाईल." मालक हिशेब करतात. जुन्या कामात यंत्राच्या एका तासाचे सहाशे रुपये सुटतात, नव्या कामात जेमतेम साडेतीनशे. चौकशी नम्रपणे परत जाते. वर्षभरात अशा पाच चौकशा येतात आणि पाचही परत जातात. प्रत्येक वेळी मालकांचा हिशेब बरोबर असतो. आकुर्डीच्या माजघरात जे घडले, तेच इथे सहा यंत्रांत घडते आहे.

या मालकांनी काय करावे? रातोरात जुने काम सोडणे हा वेडेपणा ठरेल, कारण चौदा घरांचे पगार त्या सतरा लाखांतून निघतात. नव्या कामाला उरलासुरला वेळ देणे हाही मार्ग नाही. महिन्याअखेरीला डिस्पॅचची घाई झाली की सर्वांत आधी तेच यंत्रावरून उतरते. उपयोगी पडेल असे पहिले पाऊल म्हणजे एक यंत्र आणि एक चांगला ऑपरेटर ठरावीक मुदतीसाठी, समजा सहा महिन्यांसाठी, जुन्या कामातून पूर्ण काढून घेणे. ऑपरेटर चांगलाच हवा. नवख्याला तिथे उभे केले तर नवे काम फसले की नवखा फसला हे कळणार नाही. त्या यंत्राचा हिशेब वेगळ्या वहीत लिहायचा आणि त्यात तासाचा दर पाहायचाच नाही. किती नवी ड्रॉइंग हातात आली, त्यांतले किती नमुने पहिल्याच खेपेला पास झाले, सेटिंगला लागणारा वेळ महिन्यागणिक किती उतरला, एवढेच लिहायचे. सहा महिन्यांत त्या यंत्राने एका पाळीच्या हिशेबानेही कदाचित तीन लाख कमी कमावलेले असतील. ही रक्कम तोटा समजली तर प्रयोग दुसऱ्याच महिन्यात बंद पडेल. शिकण्याची फी समजली तर ती आधीच बाजूला काढून ठेवता येते.

दुसरी गोष्ट पैशांची नाही, कानांची आहे. रांग ज्या बातम्या अडवते, त्या मिळवण्यासाठी रांगेबाहेरच्या माणसाकडे जावे लागते. मालक दर आठवड्याला ज्या खरेदी अधिकाऱ्याशी बोलतात, तो याच वर्षीचे शेड्यूल सांभाळत असतो. त्याच्याकडून तक्रार कळेल, दिशा कळणार नाही. परत पाठवलेल्या त्या पाच चौकशा शेवटी कुणी घेतल्या आणि तो आता काय बनवतो, हे विचारायला मात्र फोनचे दहा रुपयेही लागत नाहीत. शॉपमधल्या माणसांनाही बरेच ठाऊक असते. एखादा ऑपरेटर सुट्टीच्या दिवशी मेव्हण्याची विजेची स्कूटर चालवून आलेला असतो, पण शेठना इंजिनचा भाग बनवणे आवडते हे माहीत असल्यामुळे तो गप्प राहतो. वाईट बातमी आणणाऱ्याकडे मालक पहिल्या वेळी कसे पाहतात, यावर दुसरी बातमी येणार की नाही हे ठरते.

तिसरी गोष्ट तारखेची आणि आकड्याची आहे, कारण खात्री हळूहळू झिजते आणि तिच्या झिजण्याचा आवाज होत नाही. जुन्या कामाचे शेड्यूल किती टक्क्यांनी उतरले की दुसरे यंत्र हलवायचे, हे शेड्यूल भरलेले असतानाच लिहून ठेवावे लागते. उतरती कळा लागल्यावर हा आकडा ठरवायला बसले, तर तो दर महिन्याला थोडा पुढे सरकतो आणि दर वेळी त्याला एक नवे कारण मिळते: सण उशिरा आला, पाऊस लांबला, कंपनीत नवे मॉडेल येते आहे. यातले प्रत्येक कारण खरे असू शकते. १९९० च्या दशकात स्कूटरच्या विक्रीलाही अशी कारणे सापडली असती.

या महिन्याच्या पंचवीस तारखेला भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये पुढचे शेड्यूल येईल आणि ते नेहमीप्रमाणे भरलेले असेल. तीन वर्षांनी कंपनीच्या नव्या गाडीच्या ड्रॉइंगमध्ये आपला भाग आहे की नाही, हे त्या कागदावर नसेल. ते विचारायला मालकांना एका कामाच्या दिवशी यंत्रांचा आवाज मागे ठेवून, दुचाकीवरून का होईना, चाकणपर्यंत जावे लागेल.